दाराजवळची खुर्ची

सासू — शहात्तर. एकोणीसशे शहात्तर. तू पंच्याहत्तर लिहिलंयस. आणि तेवढी एकच चूक असती ना, तर मी चष्मा काढून ठेवला असता आणि म्हटलं असतं, छान झालंय.

सून — साल बदलते मी. बाकीचं सांगा ना, आई. रविवारी वाचायचंय मला. कॉलेजच्या महिला क्लबचा साठ वर्षांचा इतिहास दहा मिनिटांत बसवायचा म्हणजे काय खायचं काम नाही.

सासू — बसवलायस की. चांगला उशीला टेकवून बसवलायस. 'स्नेह, सेवा आणि सहकार्य यांचा अखंड झरा.' कसला झरा गं? त्या खोलीत एकच नळ होता, तोही गळका.

सून — अशा प्रसंगी असंच लिहितात. कोणी पंचनामा वाचतं का?

सासू — पंचनामा नको. पण हे बघ, हे. 'पंच्याहत्तरनंतर काही अपरिहार्य कारणांमुळे क्लबचं कार्य थोडं मंदावलं.' अपरिहार्य कारण! जितीजागती बाई होती ती. तिला कारण करून टाकलंस?

सून — कोणती बाई?

सासू — घ्या. कॉलेजात गणित शिकवतेस, क्लबची सेक्रेटरी आहेस, आणि विचारतेस कोणती बाई. कॉलेजच्या पहिल्या बाई प्राचार्य. गणिताच्या.

सून — त्या? त्यांचं नाव ऑफिसबाहेरच्या पाटीवर आहे की. पण त्या क्लबच्या मेंबर कुठं होत्या?

सासू — नव्हत्याच. करून घेतलं नाही कुणी. तोच तर तुझा इतिहास, बाकीचं सगळं विणकाम.

सून — हे बघा, मला मॅडमनी मुद्दे दिले, जुने फोटो दिले, त्यावरून मी लिहिलं. त्यात हे नव्हतं.

सासू — कसं असेल? चोराच्या घरी चोरीची हकिगत भिंतीवर टांगतात का? आणि मॅडम, मॅडम काय करतेस सारखी? प्राचार्याशी लग्न झालं एवढीच तिची पदवी. नवरा खुर्चीत बसला की बायको क्लबच्या खुर्चीत. निवडणूक नाही, काही नाही. साठ वर्षं तेच चाललंय.

सून — आई, हळू. खिडकी उघडी आहे. समोर क्वार्टर्स आहेत.

सासू — असू दे. माझं आता कोण काय वाकडं करणार?

सून — तुमचं नाही, माझं करतील. वीस तारखेला मुलाखत आहे माझी. किती वर्षं मी कंत्राटावर शिकवतेय, दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि पत्राची वाट बघायची, तुम्ही बघता ना? यंदा पहिल्यांदा कायमची जागा निघालीय. मुलाखतीला समोर कोण बसणार? प्राचार्य. म्हणजे मॅडमचे मिस्टर. आणि रविवारी फोटोचं अनावरण कुणाच्या? मॅडमच्या आईच्या. 'क्लबच्या शिल्पकार' म्हणून. आता तुम्ही म्हणता त्याच कार्यक्रमात मी उभी राहून...

सासू — शिल्पकार! उपराणी आणि शिल्पकार! तिनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट घडवली, ती म्हणजे खुर्चीचं कव्हर.

सून — उपराणी?

सासू — उपप्राचार्यांची बायको, म्हणून उपराणी. तोंडावर नाही हं, मागं. तोंडावर 'रसायनवहिनी'. अगं, नावं होतीच कुणाला तिथं? नवऱ्याचा विषय तेच बायकोचं नाव. इतिहासवहिनी, भूगोलवहिनी, वनस्पतीवहिनी. भूगोलवहिनीला स्वतःच्या गल्लीतून रस्ता सापडायचा नाही, पण भूगोलवहिनी.

सून — आणि तुम्ही?

सासू — मला विषयसुद्धा मिळाला नाही. तुझे सासरे रसायनच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर, उपराणीच्या नवऱ्याच्या हाताखाली. ती मला 'आमच्या लॅबमधली' म्हणायची. 'आमच्या लॅबमधली आली का गं? तिला म्हणावं दार लोटून घे.' जसं काय मी स्टुलाबरोबर खरेदी झाले होते.

सून — मग जायचात कशाला?

सासू — नाही गेलं तर नवऱ्याच्या अहवालात यायचं, 'मिळून मिसळून वागत नाहीत.' मिळून मिसळून वागायचं मी, आणि शेरा त्यांना. दर गुरुवारी चार वाजता, लायब्ररीच्या मागची खोली.

सून — ती अजून तीच आहे. खुर्च्यासुद्धा त्याच असतील.

सासू — पण आता मांडतात कशा, वाटेल तशा ना? तेव्हा हुद्द्यानं मांडायचे. टोकाला हातांची मोठी खुर्ची, प्राचार्यांच्या बायकोची. मोठ्या बाई म्हणायचो त्यांना. मग वेताच्या खुर्च्या, विभागप्रमुखांच्या बायका. मग बिनहाताच्या. आणि दाराजवळ लोखंडी घडीच्या, आम्ही. कुणाचा नवरा वर चढला की त्या गुरुवारी बायको एक खुर्ची वर सरकायची, आणि बाकीच्या 'अभिनंदन, अभिनंदन' करत तिची जागा पुसून घ्यायच्या. ऑफिसात ऑर्डर निघायच्या आधी खुर्ची सरकायची, बोल.

सून — काहीतरीच!

सासू — काहीतरीच नाही. आणि चहा त्याच ओळीनं. मोठ्या बाई किटली उचलणार, पहिला कप स्वतःचा, मग खाली खाली. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं सरबत झालेलं असायचं. तोवर विणकाम. गरिबांसाठी मफलर. ते मफलर कुठल्या गरिबानं गळ्यात घातले देव जाणे. मी तर उपराणीच्या मोलकरणीला त्यानं मोटार पुसताना बघितलंय.

सून — आणि शहात्तर साली काय झालं ते सांगाल का? माझं जेवण व्हायचंय अजून.

सासू — सांगते की. मोठ्या बाईंचे यजमान निवृत्त झाले. आता प्राचार्य कोण? उपप्राचार्यच, दुसरं कोण? निदान उपराणीला तशी खात्री. नेमणूक झाली नव्हती, मुलाखतीसुद्धा व्हायच्या होत्या, पण हिनं मोठी खुर्ची घरी नेली आणि तिला हिरवं मखमली कव्हर शिवून आणलं. गुरुवारी आली, बसली, किटली उचलली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासवहिनीनं तर डोळे पुसले.

सून — नेमणुकीच्या आधीच?

सासू — आधीच. बाशिंग बांधून बसली आणि नवरदेव भलतीकडेच. पुढच्या आठवड्यात कळलं, बाहेरगावच्या एक बाई प्राचार्य म्हणून येताहेत. गणिताच्या, मोठ्या विद्वान. आता आली का पंचाईत! मखमलीच्या खुर्चीचं करायचं काय? उठून वेताच्या खुर्चीवर परत जायचं तर नाक कापलं जातंय, आणि बसून राहायचं तर कशाच्या जोरावर? पुढच्या गुरुवारी बघतो तर खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी. म्हणे पाय मोडलाय. खुर्ची चांगली धडधाकट होती, मोडली होती ती बसणारी.

सून — हे मात्र भारी आहे. पण मग नवीन प्राचार्यांना बसवायला हवं ना त्या खुर्चीत? त्या स्वतःच तर...

सासू — तू शिकलेली आहेस म्हणून तुला असं वाटतं. सभा भरली त्यावर. आत्तासारखं शिकवणाऱ्या बायकांना घेत नव्हते तेव्हा. उपराणी म्हणाली, 'हा पत्नींचा क्लब आहे. त्या पत्नी असतील, पण कुणाच्या?' तर कळलं, बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात, त्यांच्या गावी दुकान आहे. झालं! नुसती हसाहस. इतिहासवहिनी म्हणाली, 'मग कुठल्या खात्यात धरायचं त्यांना? वेळापत्रकात?' एवढा एकच विनोद केला तिनं जन्मात, आणि तोही असला.

सून — म्हणजे खुद्द प्राचार्य, आणि नवरा कॉलेजात नाही म्हणून त्यांना मेंबर करायचं नाही?

सासू — नाही. ठराव झाला, पाहुण्या म्हणून आल्या तर येऊ देत. बसायला दाराजवळ. इतक्या शहाण्या बायका, एकीचा नवरा तर्कशास्त्र शिकवायचा, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही, की ज्या खोलीत बसून हे ठरवतोय ती खोली त्या बाईच्या ताब्यात आहे. अकलेचे कांदे!

सून — पण त्या कशाला येतील तसल्या ठिकाणी?

सासू — आल्या. पहिल्याच गुरुवारी आल्या. साध्या, उंच, केसांत पेन्सिल राहिलेली. इकडं तिकडं बघितलं, कुणी उठलं नाही, तेव्हा माझ्या शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या. मला म्हणाल्या, 'मला विणता येत नाही हो. शिकवाल का?' मी म्हटलं, 'तुम्हाला काय गरज?' तर म्हणाल्या, 'दिवसभर पुरुषांच्या मीटिंगा. नवरा तिकडे, मी इकडे. आठवड्यातून एकदा बायकांत बसावंसं वाटतं.'

सून — बिचाऱ्या.

सासू — बिचाऱ्या नव्हत्या त्या. एकट्या होत्या. मग चहा निघाला. किटली फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, माझा कप भरला, आणि त्यांच्यापाशी येऊन उपराणी म्हणते, 'अगंबाई, संपला वाटतं.' मागं टेबलावर दुसरी किटली वाफा सोडत होती. आंधळ्यालाही दिसली असती. बाई म्हणाल्या, 'चालेल.'

सून — आणि तुम्ही सगळ्या गप्प?

सासू — गप्प कशानं, चांगल्या गप्पा मारत होत्या. बटाटे महाग झाले यावर. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. माझ्यापर्यंत चहा असायचा आणि त्यांच्यापाशी संपायचा. आणि त्या दर वेळी 'चालेल' म्हणायच्या आणि टाके उसवत बसायच्या. मफलर काही वाढेना त्यांचा.

सून — मग?

सासू — मग काय, मला एके दिवशी राहवेना. माझा कप मी बशीत अर्धा ओतला आणि बशी त्यांच्या हातात दिली.

सून — सगळ्यांसमोर?

सासू — मग काय दाराआड जाऊन? बाईंनी बशी घेतली, फुंकर घातली, निवांत प्यायल्या. म्हणाल्या, 'साखर छान आहे.' उपराणीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यापेक्षा हिरवं कव्हर बरं, असं झालं होतं.

सून — हे मला कधीच का नाही सांगितलंत?

सासू — सांगण्यासारखं काय त्यात? बशीभर चहा. पण त्या दिवशी मी दारातून निघाले तर उपराणी मागून म्हणाली, 'आमच्या लॅबमधलीला सांगा गं कुणीतरी, तिच्या नवऱ्याचा कागद यांच्याच टेबलावर आहे.' तुझ्या सासऱ्यांच्या बढतीचा कागद. लेक्चरर व्हायचे होते ते. पदवी झालेली, सगळं झालेलं, फक्त विभागप्रमुखाची शिफारस राहिलेली. आणि विभागप्रमुख कोण? उपराणीचा नवरा.

सून — थांबा. पण बाबा तर डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच...

सासू — हो.

सून — आई, आमच्या घरात सगळे म्हणतात, बाबांना बढतीची हौसच नव्हती. हे तर म्हणतात, बाबांनी कधी प्रयत्नच केला नाही.

सासू — तुझ्या नवऱ्याला काय माहीत? तो जन्मायचा होता. शिफारस आलीच नाही. गणिताच्या बाईंना कळलं. त्यांनी तुझ्या सासऱ्यांना बोलावलं, म्हणाल्या, 'मी माझ्या अधिकारात करते.' हे म्हणाले, 'नको. लोक म्हणतील बशीभर चहाची परतफेड केली. तुम्हालाही बोल लागेल.' आणि आले परत लॅबमध्ये, नळ्या धुवायला. मग बाईही त्या खोलीत पुन्हा आल्या नाहीत. मला रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'माझ्यामुळं तुम्हालाच गुरुवारी चहाला बसणं महाग पडायला नको.' तरी उपराणीला धास्ती. त्या असेपर्यंत क्लब उपराणीच्या दिवाणखान्यात भरायचा, पडदे ओढून. हे तुझं 'थोडं मंदावलं'.

सून — आणि बाबा? चिडले नाहीत तुमच्यावर?

सासू — त्या संध्याकाळी मी घाबरत घाबरतच सांगितलं. अशी अशी बशी दिली, आणि असं असं ती बोलली. जेवत होते. घास थांबला. म्हणाले, 'बशी का दिलीस?' मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणतात, 'कपच द्यायचा होतास.'

सून — बाबा म्हणाले असं?

सासू — अशी बघतेस काय? पाणी आण प्यायला. बोलून बोलून घसा सुकला.

(सून पाणी आणते. तिचा फोन वाजतो.)

सून — हॅलो. हो मॅडम, नमस्कार. ... हो, झालंय बरंचसं. ... फोटोच्या आधी वाचायचं, हो, लक्षात आहे. ... 'शिल्पकार' शब्द... हो, तुम्ही सांगितला होतात. ... आत्ता वाचून दाखवू? ... नाही मॅडम. आत्ता नाही दाखवता येणार. ... नाही, पूर्ण नाही झालं. एक बाई राहिल्यात त्यात. ... आमच्या पहिल्या बाई प्राचार्य. आणि चहाचं थोडंसं. ... हो मॅडम, मुलाखत वीसलाच आहे, मला माहीत आहे. ... रविवारी ऐकालच ना. ठेवते.

सासू — अगं ए! हे काय केलंस?

सून — काय केलं? खरं सांगितलं. काय लिहितेय ते विचारत होत्या.

सासू — खरं सांगितलं म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी आपली म्हातारी, माझं काय जातंय, मी तोंड सोडणार. तू ऐकायचंस आणि सोडून द्यायचंस. जागा कायमची आहे गं. परत निघेल का कधी? लाव फोन. म्हणावं, सासूनं डोकं फिरवलं होतं.

सून — म्हणजे मीही बशीतच देऊ का, आई?

सासू — माझंच माझ्या तोंडावर मारू नकोस.

सून — मी काही शिव्या लिहिणार नाहीये. उपराणी वगैरे काही नाही. त्यांचा फोटो लागू दे, खुशाल लागू दे. फक्त त्या साली कोण आलं, कुठं बसलं आणि चहा कुठं संपला, एवढंच. त्यावर नोकरी जायची असेल तर तसल्या लोकांत कायमचं बसून मी करू तरी काय? आणि अजून जागा गेलेली नाही. मुलाखत मी गणिताची देणार आहे, विणकामाची नाही.

सासू — बाईगं. तुला या घरात आणली तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी जरा मिळमिळीत आहे.

सून — माहीत आहे. नणंदबाईंनी सांगितलंय. आता शेवटचा परिच्छेद सांगा. पुढं कुणाचं काय झालं? साल, तारीख काही नको, नुसतं सांगा.

सासू — मोठ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या. एकदा गावात आल्या होत्या तेव्हा हौसेनं गुरुवारी क्लबात गेल्या. यजमान निवृत्त, म्हणून त्यांना दाराजवळ बसवलं. ज्या बाईनं ती पद्धत पाडली तिलाच. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

सून — मॅडमच्या आई?

सासू — गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि उपप्राचार्य सरतेशेवटी प्राचार्य झाला. जेमतेम वर्षभर. उपराणीला हिरवी खुर्ची मिळाली, पण तोवर गुडघे गेले होते तिचे. खुर्ची खोल. बसायची ऐटीत, उठवायला दोघी लागायच्या. हे लिहू नकोस.

सून — नाही लिहीत. इतिहासवहिनी?

सासू — त्या आहेत अजून. वृद्धाश्रमात. मी गेले होते बघायला. स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीत, पण जो येईल त्याला विचारतात, 'यजमान काय असतात?' नर्सला विचारतात, झाडूवालीला विचारतात. मी म्हटलं, 'माझे यजमान वारले हो.' तर म्हणाल्या, 'हो का? कुठल्या हुद्द्यावर?'

सून — देवा! आणि गणिताच्या बाई?

सासू — गेल्या आपल्या गावी, नवऱ्याजवळ. दुकानात काउंटरवर बसायच्या म्हणे. लोक घड्याळ द्यायला यायचे आणि पोरांची गणितं सोडवून घेऊन जायचे. त्या आधी गेल्या, यजमान मागून. मला एक मफलर पाठवला होता त्यांनी. अर्धाच. बरोबर निरोप, 'याच्या पुढं येत नाही.'

सून — आहे तो?

सासू — छे. तुझ्या सासऱ्यांनी घातला सगळे हिवाळे. विरून गेला गळ्यातच.

सून — आणि बाबांचं काय लिहू? त्यांच्या नावापुढं?

सासू — डेमॉन्स्ट्रेटर.

सून — 'निवृत्तीपर्यंत' लिहू का पुढं?

सासू — नको. नुसतं डेमॉन्स्ट्रेटर लिही. वाचताना तिथं घाई करू नकोस, एवढंच.